एका झाडाचे वर्ष: ऋतुबदलांच्या नोंदी कशा ठेवाव्यात

झाडांमधले ऋतुबदल पाहण्यासाठी जंगलात जावे लागत नाही आणि वनस्पतिशास्त्राची पदवीही लागत नाही. रोजच्या वाटेवरचे एक झाड, एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातली दहा मिनिटे एवढ्यावर हे काम वर्षभर चालते. नवशिक्यांचे अडते ते नोंदीपाशी. बहुतेक लोक झाड फुलले की थांबतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा फुलले की पुन्हा थांबतात. मधल्या महिन्यांत त्याच झाडावर काय घडत होते याचा मागमूसही उरत नाही. येथे दिलेली पद्धत त्या मधल्या काळाला फुलोऱ्याइतकेच महत्त्व देते, कारण झाडावर काही नव्हते याची तारखेसह केलेली नोंद नसेल तर काही आले केव्हा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

झाड कोणते निवडावे

पहिले झाड दुर्मीळ असू नये आणि दूरही असू नये. घर, शाळा, कार्यालय किंवा बसथांबा यांच्या आसपासचे, ज्याचे नाव खात्रीने ठाऊक आहे आणि ज्याचा संपूर्ण विस्तार जमिनीवरून दिसतो असे झाड निवडावे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत सुरुवातीसाठी काटेसावर, पळस, पांगारा, बहावा, करंज, शिरीष आणि कडुनिंब ही झाडे उत्तम आहेत, कारण त्यांच्यातली पानगळ, पालवी, फुलोरा आणि फळे हे टप्पे नवख्या डोळ्यालाही वेगवेगळे दिसतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे, तरी त्याचे वेळापत्रक इतके ठळक असते की शहरात दुसरे काही जवळ नसेल तर तोही चालेल. आंबा, जांभूळ यांसारख्या सदाहरित झाडांची पानगळ एकदम होत नाही. त्यामुळे ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेली बरी.

पिंपळ, वड आणि उंबर यांनाही पहिल्या वर्षी हात लावू नये, असा माझा सल्ला आहे. या झाडांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आतच दडलेली असतात, त्यामुळे बाहेरून फुलोरा दिसतच नाही. शिवाय उंबराला वर्षातून अनेकदा फळे लागतात आणि शेजारच्या दोन उंबरांचा हंगामही जुळेलच असे नाही. पुढे कधी त्यांच्या नोंदी ठेवल्या, तर फुलांचा रकाना मोकळा सोडून फळे आणि पालवी एवढेच लिहावे.

शक्य असल्यास एकाच जातीची दोन झाडे घ्यावीत. एकाच रस्त्यावरचे दोन बहावे कित्येक दिवसांच्या अंतराने फुलतात. एकच झाड पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि त्या एका झाडाची लहर तो ऋतूचा नियम समजून बसतो. दोनपेक्षा जास्त झाडे मात्र सुरुवातीला घेऊ नयेत. दहा झाडांची यादी उत्साहाने केली जाते आणि पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या झडीत ती मागे पडते.

झाड ठरल्यावर वहीच्या पहिल्या पानावर त्याची ओळख लिहावी: स्थानिक नाव, जागा, बुंध्याचा घेर, आणि भोवतालची परिस्थिती. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, शिंप्याच्या फितीने मोजावा. वृक्षगणनेत हीच उंची धरण्याची रीत आहे. मुळाशी फरसबंदी आहे का, बागेचे पाणी मिळते का, रात्री पथदिव्याचा उजेड फांद्यांवर पडतो का, जवळून नाला वाहतो का, हेही तिथेच नोंदवावे. पुढे एखादे झाड भर एप्रिलमध्येही हिरवेगार का राहते, असा प्रश्न पडला की त्याचे उत्तर अनेकदा या पहिल्या पानावर सापडते.

नोंद कशी करावी

आठवड्यातला एक वार ठरवावा आणि शक्यतो तीच वेळ पाळावी. चिंच, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची पर्णदले संध्याकाळी मिटतात, त्यामुळे सकाळी गच्च वाटणारे झाड रात्री विरळ वाटते. वेळ सारखी ठेवली की हा घोळ होत नाही. उभे राहण्याची जागाही एकच असावी. तिथून दर वेळी मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे, चौकटीत तीच इमारत किंवा तोच खांब येईल असे; वर्षाच्या शेवटी ही छायाचित्रे ओळीने पाहिली की वहीतल्या आकड्यांची पडताळणी आपोआप होते. छायाचित्र हा वहीला पर्याय मात्र नव्हे, कारण उंचावरच्या हिरव्या कळ्या आणि हिरवी कोवळी फळे मोबाइलच्या चित्रात ओळखू येत नाहीत.

प्रत्येक वेळी झाडाच्या आठ गोष्टी पाहायच्या असतात. पानांमध्ये कोवळी पालवी, पक्व पाने आणि पिवळी पडलेली किंवा वाळत चाललेली पाने. फुलांमध्ये कळ्या आणि उमललेली फुले. फळांमध्ये कच्ची, पिकलेली आणि उकललेली. प्रत्येकीसमोर ०, १ किंवा २ असा एकच आकडा लिहावा. काहीच नसेल तर ०. झाडाच्या एकतृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर १. त्याहून जास्त भागावर असेल तर २. टक्केवारी लिहिण्याचा मोह होतो, परंतु ३० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक जमिनीवरून कोणालाही नीट सांगता येत नाही, आणि दोन माणसांचे अंदाज तर कधीच जुळत नाहीत. तीन पायऱ्यांचा हा मोजका हिशोब भरड असला तरी विश्वासार्ह असतो.

या आकड्यांमध्ये सर्वांत मोलाचा आकडा शून्य आहे. समजा, ८ फेब्रुवारीला पळसावर उमललेल्या फुलांपुढे ० लिहिले आणि १५ फेब्रुवारीला १ लिहिले, तर पहिले फूल या सात दिवसांत उमलले हे निश्चित झाले. पण जानेवारीत एकही नोंद नसेल आणि १५ फेब्रुवारीला थेट १ असेल, तर फुलोरा कालही सुरू झालेला असू शकतो आणि तीन आठवड्यांपूर्वीही. दुसऱ्या नोंदीतून झाड फुलले एवढेच कळते. ते केव्हा फुलले हे फक्त पहिल्या नोंदीतून कळते. म्हणून ज्या आठवड्यात झाडावर काहीही घडलेले दिसत नाही, त्या आठवड्यातही जाऊन सगळे आकडे लिहून यावे. रकाना मोकळा सोडणे आणि रकान्यात शून्य लिहिणे यांचा अर्थ वेगळा आहे: मोकळ्या रकान्याचा अर्थ पाहिले नाही, आणि शून्याचा अर्थ पाहिले, परंतु नव्हते. गावाला गेल्यामुळे एखादा आठवडा चुकला, तर नंतर आठवून भरू नये. तो मोकळाच ठेवावा.

कळ्या फुटू लागल्या की काही दिवस आठवड्यातून दोनदा जाता आले तर तारखेतली अनिश्चितता निम्म्यावर येते. वर्षभर तसे करण्याची गरज नाही.

तारीख इंग्रजी महिन्याची लिहावी. आपल्याकडे झाडांची आठवण मराठी महिन्यांशी जोडलेली असते, चैत्रपालवी हा शब्दच त्यातून आला आहे, आणि वहीच्या समासात तिथी लिहायला काहीच हरकत नाही. मात्र दोन वर्षांची तुलना तिथीवरून करता येत नाही. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि २०२४ साली ९ एप्रिलला. पाडव्याला कडुनिंब फुललेला होता की नव्हता, या प्रश्नाच्या उत्तरात १८ दिवसांचा फरक कॅलेंडरचाच आहे, झाडाचा नव्हे. मृग नक्षत्र सूर्याच्या स्थानावरून ठरते, त्यामुळे ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. शेतकऱ्यांनी पेरणीचा हिशोब नक्षत्रांवर ठेवला, त्यामागे हे एक भक्कम कारण आहे.

जमिनीकडेही पाहावे

मान वर करण्याआधी झाडाखालची जमीन पाहण्याची सवय लावून घ्यावी. उंच झाडांवरची फुले पुष्कळदा खाली पडल्यावरच लक्षात येतात. बुचाची पांढरी लांब देठाची फुले आणि पारिजातकाची फुले रात्री उमलतात आणि सकाळी जमिनीवर सापडतात; मोहाची फुलेही पहाटे गळतात, आणि म्हणूनच मोह वेचणारी कुटुंबे उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोचतात. दुपारी फक्त वर पाहणारा निरीक्षक अशा झाडांपुढे चुकीचे शून्य लिहून मोकळा होईल. जमिनीवर फुले दिसली, फांद्यांवर दिसली नाहीत, तर तसे शब्दांत लिहावे. सावरीच्या कापसाचे पुंजके, पळसाच्या चपट्या शेंगा, निंबोळ्यांच्या बिया, अर्धवट कुरतडलेली फळे, या सगळ्यांतून झाडाचा टप्पा कळतो.

फुलावर येणारे पक्षी आणि कीटक यांच्यासाठी पानाच्या तळाशी दोन ओळी राखाव्यात. पांगारा फुलला की मैना, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर यांची वर्दळ इतकी वाढते की झाड दिसण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकू येतो.

वर्षभरात काय दिसेल

निरीक्षण कोणत्याही महिन्यात सुरू करता येते, पण निवड हातात असेल तर डिसेंबरची अखेर गाठावी, कारण त्यापुढचे पाच महिने आपल्याकडच्या झाडांच्या जीवनातले सर्वांत घाईचे असतात.

थंडीच्या शेवटी पानझडी झाडे पाने गाळू लागतात. जमिनीतला ओलावा घटत असताना पानांतून होणारे बाष्पीभवन थांबवण्याचा तो उपाय आहे. काटेसावर साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत, पळस फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आणि पांगारा त्याच सुमारास, अशी ही झाडे बहुधा पाने गळालेल्या स्थितीत फुलतात. पाने नसल्यामुळे मोठी, भडक फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. त्याचबरोबर वेळेचा हिशोबही साधतो: सावरीची बोंडे एप्रिल-मेमध्ये उकलून कापूस उडतो आणि पळसाच्या हलक्या शेंगा पावसाच्या तोंडाशी वाऱ्यावर जातात, म्हणजे बी जमिनीवर पोचते तेव्हा पाऊस फार दूर नसतो. ही साखळी एकाच झाडावर आठवड्यामागून आठवडा आकड्यांत उतरताना पाहणे हा या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे, असे मला वाटते.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र नवख्या निरीक्षकाला एक कोडे पडते. पावसाला अजून दोन-तीन महिने आहेत, विहिरी आटत आहेत, आणि अशा वेळी कुसुंब लालबुंद पालवीने भरून जातो, पिंपळ तांबूस होतो, करंज पोपटी होतो. पाऊस नसताना पालवी कशी फुटते? खोल गेलेली मुळे आणि खोडातला साठा यांच्या आधारावर ही झाडे पावसाआधीच पाने तयार करतात, म्हणजे पहिल्या सरींपासून ती पूर्ण क्षमतेने अन्न बनवू शकतात. कोवळ्या पानांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पालवीचा हा रंग वहीत अवश्य लिहावा, कारण तो काही दिवसांतच पालटतो आणि त्यावरून पालवीचे वय कळते.

एप्रिल ते जून हा बहावा, ताम्हण, गुलमोहर आणि सोनमोहर यांचा काळ. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे आणि शहरांतून ते पुष्कळ लावलेले असते. बहाव्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्याच्या लांब शेंगा पिकायला जवळजवळ वर्ष लागते, त्यामुळे मे महिन्यात एकाच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा आणि या वर्षीची पिवळी फुले एकत्र दिसतात. दोन्हींचे आकडे लिहावेत आणि शेंगांपुढे ‘गतवर्षीच्या’ असा शेरा द्यावा. करंजाच्या शेंगा आणि ताम्हणाची वाळलेली बोंडे यांनाही हाच नियम लागू होतो.

पावसाळ्यात मोठी झाडे बहुतेक हिरवी आणि स्थिर असतात. अपवादांपैकी साग एक, तो पावसाळ्यात फुलतो. नजर खाली वळवण्याचा हा काळ आहे. टेकडीवर, माळावर किंवा परसात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौरस चार दगडांनी आखावा आणि त्यात दर आठवड्याला काय उगवले, काय फुलले, काय सुकले ते लिहावे. टाकळा, तेरडा, कुर्डू, कळलावी या वनस्पतींचे अवघे आयुष्य किंवा त्यांचा जमिनीवरचा सगळा कारभार या चार-पाच महिन्यांत उरकतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या पावसाबरोबर शेवळे वर येते. त्याचा फुलोरा आधी येतो आणि पान नंतर. ते बाजारात आले, त्याच्याबरोबर भाजीची खाज मारण्यासाठी लागणारी काकडाची फळेही आली, हीदेखील तारखेसह लिहिण्यासारखी नोंद आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत कास पठारावर फुलांचे थर बदलत जातात, पण तिथे वर्षातून एकदा जाऊन येणे हे सहल म्हणून छान, ऋतुनिरीक्षण म्हणून अपुरे. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक बहराला येते. तिच्या नोंदी ठेवायच्या तर वहीही तेवढी वर्षे जपावी लागते.

ऑक्टोबरपासून शहरांत सातवीण आणि बूच फुलतात. सातवीण संध्याकाळी वासावरून सापडते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंब्याकडे पाहावे. पावसाळा लांबला आणि नोव्हेंबरमध्ये पाऊस झाला तर आंब्याला मोहराऐवजी पालवी फुटते आणि मोहर पुढे जातो, हे कोकणातला प्रत्येक बागायतदार जाणतो.

बहावा आणि पाऊस

बहावा फुलल्यापासून ४५ दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. नवशिक्याने हा समज मानूही नये आणि झटकूनही टाकू नये. तो तपासण्याची साधने त्याच्या वहीत आहेत. त्यासाठी आधी ‘फुलला’ म्हणजे काय ते ठरवावे लागते: पहिला घोस उमलला तो दिवस, की झाडाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग पिवळा झाला तो दिवस? या दोहोंत बरेच दिवसांचे अंतर असते, आणि नंतर सोयीची तारीख निवडली तर कोणताही अंदाज खरा ठरतो. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख हवामान विभागाने ११ जून धरली आहे. त्यातून ४५ दिवस वजा केले की २७ एप्रिल येतो, आणि बहावा त्या सुमारास एरवीही फुलत असतो. म्हणून सरासरी जुळली यावरून झाडाला पावसाची चाहूल लागते असे सिद्ध होत नाही. ज्या वर्षी पाऊस लवकर आला त्या वर्षी बहावाही तितकाच आधी फुलला का, हा खरा प्रश्न आहे. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला आणि २०२५ साली २६ मे रोजी, म्हणजे बरोबर एका महिन्याचे अंतर. या दोन्ही वर्षी एकाच बहाव्याची साप्ताहिक नोंद ज्याच्याकडे असेल, त्याच्या वहीला या चर्चेत खरे वजन आहे.

दिवसाची लांबी, तापमान आणि जमिनीतला ओलावा हे तीन घटक झाडांच्या वेळापत्रकावर परिणाम करतात. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १५ मिनिटांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो, आणि हे दरवर्षी सारखेच राहते. त्यामुळे एका वर्षापासून दुसऱ्या वर्षात पडणारा फरक शोधायचा तर तापमान आणि पाऊस यांच्याकडे पाहावे लागते. आठवड्याचे कमाल-किमान तापमान आणि पावसाचे मिलिमीटर वर्तमानपत्रातून वहीत उतरवून घेण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

जे ऋतूमुळे घडत नाही

झाडावर दिसणारा प्रत्येक बदल ऋतूचा नसतो. सागाची पाने पावसाळ्यात अळ्या खाऊन टाकतात आणि जाळीसारख्या शिरा उरतात. दुरून ती पानगळ वाटते. नगरपालिकेने किंवा वीज मंडळाच्या माणसांनी फांद्या छाटल्या की झाड अवेळी पालवते. वादळाने कळ्या झडतात, मुळांशी खोदकाम झाले की पाने पिवळी पडतात, जलवाहिनी फुटली की बाजूचे झाड उन्हाळाभर हिरवे राहते. असे काही दिसले की आकड्यांशेजारी कारण लिहावे आणि त्या वर्षाची तुलना करताना ते आठवणीने वगळावे. वर्षानुवर्षे फुले येऊनही फळ धरत नसेल, तर ते नर झाड असू शकते. ताडाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात.

निरीक्षणासाठी फांद्या ओढू नयेत आणि फुले तोडू नयेत. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात, खाजकुइलीच्या शेंगांवरची आणि पांढरूखाच्या फळांवरची लव अंगाला लागली तर आग होते, आणि कळलावी विषारी आहे. अनोळखी वनस्पतीला हात न लावता पाहणे हाच नियम ठेवावा. नाव अडले तर पान, फूल, खोड आणि संपूर्ण झाड अशी चार छायाचित्रे घेऊन जाणकाराला दाखवावीत. एकट्या फुलाच्या चित्रावरून दिलेली नावे पुष्कळदा चुकतात.

वर्ष पूर्ण झाल्यावर

एका आडव्या पट्टीवर ५२ घरे आखावीत आणि पालवी, फुले, फळे यांच्यासाठी वेगवेगळ्या रंगांनी ती भरावीत: १ असेल तिथे फिकट, २ असेल तिथे गडद, शून्य असेल तिथे कोरे आणि नोंदच नसेल तिथे फुली. त्याखाली दुसऱ्या वर्षाची पट्टी त्याच मापाची काढली की फरक डोळ्यांना दिसतो. दोन पट्ट्यांवरून हवामानबदलाविषयी निष्कर्ष काढू नये. एकच वर्ष अपवादाचे निघणे ही नित्याची बाब आहे. आपल्या नोंदी इतरांच्या नोंदींना जोडायच्या असतील तर ‘सीझनवॉच’ या नागरिक-विज्ञान प्रकल्पात झाडाची नोंदणी करून दर आठवड्याची माहिती पाठवता येते. तिथेही नाही, थोडे आणि भरपूर अशाच पायऱ्या वापरतात, त्यामुळे वहीतले आकडे तिथे बसवणे अवघड जात नाही. शाळेतल्या मुलांनी वर्गावार एकेक झाड वाटून घेतले तर शिक्षकांची बदली झाली तरी वही पुढच्या वर्गाकडे जाते आणि नोंद तुटत नाही.

एखादे झाड रस्तारुंदीत जाते किंवा वादळात पडते. तेव्हा त्याच जातीचे जवळचे दुसरे झाड घ्यावे, पण त्याच्या नोंदी जुन्या झाडाच्या पट्टीला जोडू नयेत. नवे झाड नव्या पानावर, स्वतःच्या घेरासह आणि स्वतःच्या पहिल्या शून्यांसह सुरू करावे, आणि जुन्या पानावर शेवटची तारीख व झाड जाण्याचे कारण लिहून ते पान बंद करावे.